तो पडदा मालनआक्काचा नव्हता

मालनआक्काच्या रक्षाविसर्जनाला कृष्णेच्या घाटावर माणसं बरीच जमली होती. ताडपत्रीच्या धंद्यातले लोक होते, सांगली-मिरजेचे फॅब्रिकेशनवाले होते, तिच्या गल्लीतल्या बायका होत्या. तिला मूलबाळ नव्हतं. बहिणीचा मुलगा दत्ता गुडघाभर पाण्यात उभा राहून डाव्या हातानं राख सोडत होता. उजवा हात त्यानं नेहमीसारखा पोटाशी धरला होता.

माझ्या पुढं दोन ओळखीचे कारखानदार उभे होते. एक हळूच म्हणाला, "बाईच्या हातात कसब लय हुतं गड्या." दुसरा म्हणाला, "व्हय, पन त्या एका पडद्यानं नाव घालवलं. सख्ख्या भाच्याचा हात गेला की." पहिला चुकचुकला आणि दोघं चपला काढून पाण्याकडं गेले.

तो पडदा तिचा नव्हता. त्या घाटावर हे तीनच माणसांना ठाऊक होतं. एक त्या पाण्यात वाहत चालली होती, एक पाण्यात उभा होता आणि तिसरा मी. माझं वय झालं आहे. रहिमतपूरला मुलाकडं राहतो, सकाळी गुडघे साथ देतील तेवढं फिरतो. हे आता लिहिलं नाही तर तसंच राहील. पण नुसता खुलासा करून मोकळा झालो, तर ती बाई लोकांना केवळ एका आगीमुळं आठवेल. ती त्याहून पुष्कळ मोठी आणि पुष्कळ खट्याळही होती.

सांगलीबाहेर माझं वर्कशॉप होतं. उसाच्या ट्रॉल्या आणि बेदाणा वाळवायच्या शेडचे लोखंडी सांगाडे आम्ही बनवायचो. वर्कशॉप रस्त्याला उघडं होतं. समोरच्या चहावाल्याच्या डोळ्यांवर दिवसभर वेल्डिंगचा लखलखाट पडायचा. रात्री डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं व्हायचं, पाणी थांबायचं नाही. त्याची बायको एक दिवस येऊन मला सगळ्यांसमोर बोलून गेली. तेव्हा मी आडोशाला ताडपत्री लावायचं ठरवलं, आणि कुणीतरी मार्केट यार्डाजवळच्या मालनबाईंचं दुकान सांगितलं.

दुकान म्हणजे एक पत्र्याची खोली. जाड कापडाचे गठ्ठे, पायाचं मोठं शिलाई मशीन, आणि मशीनवर पन्नाशीची, उंच, हाडापेरानं दांडगी बाई. कपाळावर गोंदण, साडीवर नवऱ्याची फौजेतली हिरवी जर्सी. उन्हाळ्यातही ती जर्सी अंगावर असायची. तोंडात मिश्री होती, त्यामुळं आधी मान हलवून मला बसायला सांगितलं, मग उठून बाहेर चूळ भरून आली.

मी म्हटलं, "एक ताडपत्री पाहिजे. वेल्डिंगच्या आडोशाला."

"ट्रकवर टाकायची आसंल तर देती. वेल्डिंगला न्हाई."

"का? ताडपत्री ती ताडपत्रीच."

"आवं मालक, लुगडं बी कापाडच हाय. त्येचा पटका बांधून हिंडता का?"

मग तिनं ताडपत्रीचा एक तुकडा कापला, पक्कडीत धरला आणि स्टोव्हवर नेला. तुकड्यानं भसकन पेट घेतला. जळते थेंब खाली फरशीवर पडायला लागले आणि फरशीवरही जळत राहिले. "ह्ये बगा. ह्ये मानसाच्या मानंवर पडत्यात," ती म्हणाली. नंतर दुसऱ्या गठ्ठ्यातल्या जाड हिरवट कॅनव्हासचा तुकडा घेतला. हे आग न धरणारं, औषध चढवलेलं कापड होतं. तेही पेटलं, पण आचेवरून बाजूला घेताच ती पुटपुटत काहीतरी म्हणू लागली, आणि तिचं म्हणणं संपायच्या आत ज्योत विझली. नुसता काळा डाग उरला.

ती जात्यावरची ओवी म्हणत होती. नव्या गठ्ठ्यातलं कापड असं जाळून बघायचं आणि एक ओवी संपायच्या आत ज्योत मेली नाही तर गठ्ठा परत, असा तिचा नियम होता. इचलकरंजीचा एक कापडवाला मला पुढं तक्रारीनं सांगायचा, "आमचा माल आला की बाई ववी भराभर उरकती." मी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "त्यो उधारीला लय घाई करतो. मग मीबी करती."

ती मूळची आटपाडीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. नवरा फौजेत दर्जी होता, तंबू शिवायचा. पेन्शनवर आला, तिला हे काम शिकवलं आणि थोड्या वर्षांत गेला. ती त्याला हवालदार म्हणायची. "आमचं हवालदार म्हनायचं," असं म्हणून ती जी वाक्यं ऐकवायची, त्यातली निम्मी तिची स्वतःची असावीत. हवालदार एवढा बोलका माणूस असता तर फौजेनं त्याला शिलाईवर बसवला नसता.

माप घ्यायला ती वर्कशॉपवर आली तेव्हा मी टेप घेऊन भिंतीशी उभा राहिलो. तिनं टेप घेतलाच नाही. आधी रस्ता ओलांडून चहाच्या टपरीवर गेली, बाकड्यावर बसली आणि आमच्या पोरांना वेल्डिंग सुरू करायला लावलं. मग टपरीच्या मागं जाऊन उकिडवी बसली, कारण चहावाल्याची बायको तिथं भांडी घासायची. पुढं वर्कशॉपमध्ये येऊन प्रत्येक टेबलाच्या मागं, बाजूला, लोखंड कापणारा वाकतो तिथं वाकून बघितलं. मला हसू यायला लागलं.

"हसू नका मालक. डोळा कुठं आसतोय ते बगून पडदा मापायचा. भिंत बगून न्हाई."

मला वाटत होतं, रस्त्याच्या बाजूला एक पडदा टांगला की झालं. तिनं सांगितलं, दोन वेल्डरांच्या मध्येही पाहिजे. एकाची बत्ती, म्हणजे वेल्डिंगचा लखलखाट, दुसऱ्याच्या पाठीमागून येऊन त्याच्या मुखवट्याच्या आतल्या बाजूला आपटते आणि त्याला कळतही नाही. पडदा जमिनीपासून हातभर वर हवा, नाहीतर धूर आत कोंडतो. मी नुकत्याच पांढऱ्या सफेत रंगवलेल्या भिंतीकडं बोट करून म्हणाली, "ही कुनी रंगवली? आरसा लावायचा हुता की त्यापरास." त्या भिंती मला राखाडी करून घ्याव्या लागल्या. चमक नसलेल्या.

पडदे टांगून झाल्यावर पहिल्यांदा ती टपरीवर जाऊन चहा प्यायली. चहावाल्याच्या बायकोला म्हणाली, "आता दिसतंय का काय?" ती म्हणाली, "काय न्हाई." "मंग चा लय गोड केलायस," म्हणून पैसे न देता निघून आली.

तिला सगळंच कळत होतं असंही नाही. एकदा मोठ्या कारखान्यात पारदर्शक, गडद रंगाच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचे पडदे आले. त्यातून माणूस दिसतो पण बत्तीचा त्रास होत नाही. मालनआक्का सगळीकडं सांगत सुटली की हे लग्नाच्या मांडवातलं सामान आहे, याच्या मागं काम करणारा आंधळा होईल. मी म्हटलं, बघून तरी या. ती गेली. आत उभी राहिली, बाहेर उभी राहिली, एक तुकडा मागून घेऊन जाळला. परत आल्यावर बरेच दिवस त्याबद्दल बोलली नाही. मग एकदा मीच टोकलं, तर मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "चांगलं हाय ते. आत मानूस पडला तर भाईरनं दिसतोय. पन त्याला शिवन न्हाई, म्हनून मला आवडत न्हाई." तिच्या तोंडून कौतुक यायचं ते असं.

शेजाऱ्यांशी तिचं पाण्यावरून भांडण असायचं. भाव करताना खोटं बोलायची. वय कुणी विचारलं तर दरवर्षी तेच सांगायची. पण नागपंचमी आली की ही बाई वेगळी व्हायची. दुकानाला कुलूप लावायची, बहिणीसाठी लुगडं घ्यायची आणि शिराळ्याची एसटी धरायची. धाकटी बहीण सुमन शिराळ्यात दिलेली होती. आई लवकर गेल्यामुळं सुमनला हिनंच कडेवर वाढवलं होतं. "ती माजी भन न्हाई, पोरच हाय," म्हणायची.

त्याच सुमनच्या मुलाला, दत्ताला, तिनं माझ्याकडं कामाला लावलं. आयटीआय झालेला, लग्न झालेला, हाताचा फार चांगला. त्याला आणून उभा केला तेव्हा ती म्हणाली, "हात सोन्याचा हाय. डोळ्यानं जरा घाई करतोय. मुकवटा खाली घ्यायच्या आधीच बत्ती लावतोय. मालक, माज्या भनीचा एकलता एक हाय. तुमच्या पदरात टाकती." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं.

दत्ताचे डोळे कधी सुजले की ती दुकान सोडून यायची. बटाट्याच्या चकत्या त्याच्या डोळ्यांवर ठेवायची आणि शिव्या द्यायची. "आंधळा झालास म्हंजी तुज्या आईला काय सांगू मी? भीक मागाय बशील आनी मला कटोरा शिवाय सांगशील." तो चकत्यांखालून हसत म्हणायचा, "कटोरा शिवत न्हाईत मावशी." "गप बस. मी शिवंन."

सगळ्यात मागच्या कोपऱ्यात त्याचं काम चालायचं. ट्रॉलीच्या खाली उताणं झोपून वेल्डिंग करायचं अवघड काम. त्या कोपऱ्याचे पडदे तिनं दुहेरी शिवले होते आणि त्याचे पैसे धरले नव्हते.

माझी तासगावकडं द्राक्षबाग होती आणि बागेत बेदाण्याची शेड. त्या वर्षी मार्चअखेर जाळ्यांवर सगळा माल पसरलेला होता. शेडच्या बाजूंना हिरवी जाळी लावतात, ऊन थेट लागू नये म्हणून. ती पाऊस अडवत नाही. रविवारी दुपारी आभाळ भरून आलं. बेदाण्यावर पाणी पडलं की तो काळा पडतो, वर्षाची मेहनत मातीत जाते. बाजारात ताडपत्रीचा तुकडा शिल्लक नव्हता, कारण सगळ्या तालुक्याला एकाच वेळी आभाळ दिसत होतं.

वर्कशॉपला सुट्टी होती. दत्ता जवळच राहायचा, त्याला बोलावून घेतलं. सगळ्यात जाड, दुहेरी पडदे त्याच्याच कोपऱ्यातले होते. ते उतरवून आम्ही जीपमध्ये टाकले. जीपमध्ये शेडच्या हिरव्या जाळीचा नवा गठ्ठा पडला होता. मी म्हटलं, "तोवर ही लाव."

दत्ता जाळी हातात घेऊन म्हणाला, "मालक, ही शेडची हाय. मावशीनं बगितलं तर मला जित्ता ठेवायची न्हाई."

"दोन दिवसांचा प्रश्न आहे रे. आकडी तीच, रंग तोच. लाव."

त्यानं लावली. माझ्या पोटातली काळजी त्याला दिसत होती, आणि मी मालक होतो.

पाऊस आला. बेदाणा वाचला. पडदे शेडवर छान बसले होते, एक थेंब आत गेला नाही. ऊन पडल्यावर मी ते परत आणायला हवे होते. आज न्यायचे, उद्या न्यायचे करत राहिलो. आभाळ अजून पूर्ण निवळलं नाही, असं मीच मला सांगत होतो.

त्या आठवड्यातच ठिणगी जाळीवर पडली. जाळी प्लास्टिकची असते, ती नुसती पेटत नाही, वितळत पेटते. दत्ता ट्रॉलीखाली होता. जळती जाळी वरून त्याच्या मानेवर आणि उजव्या हातावर कोसळली. त्याला ओढून बाहेर काढलं, वाळू टाकली. मी गाडी काढली. मिरजेच्या वाटेवर तो कण्हत होता आणि मी गाडी चालवत त्याला म्हणत होतो, "तुझं सगळं मी बघतो दत्ता. खर्च, पुढचं, सगळं. तेवढं जाळीचं बोलू नकोस." तेव्हा त्याला धड ऐकू तरी येत होतं की नाही कोण जाणे. पण नंतरही तो बोलला नाही. माझ्या पैशानं त्याच्या हाताचं ऑपरेशन होत होतं, घरात लहान मूल होतं. त्यानं काय करायला हवं होतं हे सांगण्याचा अधिकार मला नाही.

जाळी लावलेली ज्यांनी पाहिली होती ते माझे दोघे बिहारी वेल्डर आठवड्यात गावी गेले ते गेले. पोलिसांनी विचारलं, कशानं पेटलं. मी म्हटलं, "पडदा पेटला." एवढंच म्हटलं. माझ्या वर्कशॉपमधले सगळे पडदे मालनआक्काचे, हे सांगलीत सगळ्यांना माहीत होतं. पुढचं लोकांनी आपापलं जोडून घेतलं, आणि मी ते जोडू दिलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सुमन भिंतीला टेकून बसली होती. मालनआक्का आली तशी ती उठून उभी राहिली. "आक्का, तुजंच कापाड हुतं ना गं?"

मालनआक्कानं माझ्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मी आधी कधी न पाहिलेली भीती होती. "मालक, माजंच व्हतं?"

"सगळं जळून गेलंय आक्का. काय कळत नाही."

"एक तुकडा तरी द्या. बोटभर. मी वळखती."

"फरशी धुऊन काढली."

ट्रॉलीच्या पोटाला हिरवे थेंब थिजून चिकटले होते. ते मी त्याच संध्याकाळी ग्राइंडरनं घासून काढले होते.

त्यानंतर तिनं जे केलं ते सांगलीत पुष्कळांनी पाहिलं आणि त्याचा उलटाच अर्थ लावला. कात्री आणि पक्कड घेऊन ती वर्कशॉपमागून वर्कशॉप फिरू लागली. जिथं जिथं तिचे पडदे होते तिथं जाऊन पडद्याचा एक कोपरा कापायची, बाहेर नेऊन जाळायची, ओवी म्हणायची. प्रत्येक तुकडा ओवी संपायच्या आत विझत होता. तरी ती पुढच्या ठिकाणी जायची. लोक म्हणाले, बाई घाबरली. चूक झाली नसती तर स्वतःचाच माल तपासत कशाला हिंडली असती? कोपरे कापलेले पडदे लोकांनी हळूहळू काढून टाकले.

माझ्याकडंही ती आली. उरलेल्या पडद्यांचे कोपरे जाळले. सगळे पास झाले. मग मागच्या कोपऱ्यात, जिथं आता काहीच टांगलेलं नव्हतं, तिथं उभी राहिली. म्हणाली, "मालक, ही दुहेरी शिवली हुती तवा मी ववी म्हनली का न्हाई ते ध्यानात येईना झालंय. घरचंच पोरगं म्हनून घाई केली का काय. म्हनली आसंन. पन आठवत न्हाई."

मी तिच्यासाठी चहा सांगितला. ती प्यायली नाही.

दुकान तिनं लोकांनी बंद पाडायच्या आधीच बंद केलं. एक जुनं गिऱ्हाईक मुद्दाम काम घेऊन गेलं होतं. त्याला म्हणाली, "ज्या हातावर माजाच इस्वास न्हाई, त्यानं दुसऱ्याच्या पोराचा पडदा कसा शिवू?" नंतर ती खोलीवर बसून वाकळी शिवायची, बाजाराच्या पिशव्या शिवायची. शिराळ्याहून नागपंचमीचं बोलावणं आलं नाही, आणि बोलावल्याशिवाय ती जाणारी नव्हती.

दत्ताची उजव्या हाताची बोटं आखडून गेली. त्याला मी शिराळ्यात जनावरांच्या पेंडीचं दुकान काढून दिलं. सगळे म्हणायचे, असा मालक मिळायला भाग्य लागतं. काही वर्षांनी सुमन वारली. मला ते उशिरा कळलं.

मग मुलानं बाग विकायला काढली. शेड मोडताना त्यानं फोन केला, "बाबा, हे जाड हिरवे पडदे आहेत, यांचं काय करायचं?" इतकी वर्षं ते तिथं होते. मी ते विसरलो होतो असं म्हणणार नाही. त्या शेडकडं मी जात नव्हतो, एवढं खरं. मी गेलो, पडदे गाडीत घातले आणि पहिल्यांदाच तिच्या खोलीवर गेलो.

ती जमिनीवर बसून वाकळीला टाके घालत होती. म्हातारी झाली होती, पण टाका सरळ होता. मी पडदे तिच्यापुढं ठेवले. तिनं शिवणीवरून अंगठा फिरवला, उलटी बाजू पाहिली, परत अंगठा फिरवला.

"माजं हायत. कुठं मिळालं?"

मी सांगितलं. आभाळ, बेदाणा, जाळी, दोन दिवस, सगळं. ती शिवण बोटांत धरून ऐकत होती. मग विचारलं, "ही काढून जाळी कुनी लावली?"

मी गप्प राहिलो. पण माझं गप्प राहणं आता तिला कळत होतं.

"दत्तानं?"

"माझ्या सांगण्यावरून. त्याचा काही दोष नाही आक्का. मी त्याला बोलू दिलं नाही."

तिनं वाकळीतली सुई काढली, पदराला खोचली. मग म्हणाली, "सुमी गेली तवा मी गेलती. कुनी बोलवलं न्हवतं, तरी गेलती. दत्तानं दारातनंच माघारी लावलं. 'मावशी, तू आत येऊ नको' म्हनला. रडत हुता. मला वाटलं, रागानं रडतोय."

मी म्हटलं, "मी त्याला सांगतो. सगळ्यांना सांगतो."

"सुमीला सांगतोस?" ती पहिल्यांदाच मला अरे-तुरे करत होती. "ती गेली तवा तिच्या मनात काय हुतं ते काढून दे मला."

मी पडदे उचलायला गेलो. तिनं ते परत खाली ठेवायला लावले.

"आईक. मला कळलंय ह्ये दत्ताला कळू द्यायचं न्हाई. त्येचा हात गेला, आई गेली. मी हाय तवर तरी त्येनं माज्यापुढं मान खाली घालायची न्हाई. समजलं का? तुजी गाडी हाय न्हवं खाली?"

"हो."

"मंग चल शिराळ्याला."

ती मागच्या सीटवर बसली. शिराळ्यात मी गाडी पेंडीच्या दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडं लावली. "तू हितंच बस," असं सांगून ती उतरली. आत काय बोलणं झालं ते मला दत्तानं खूप नंतर सांगितलं, घाटावर राख सोडून झाल्यावर. मला त्या दिवशी काचेतून फक्त दिसत होतं.

तिला पाहून दत्ता तागडी सोडून उभा राहिला. ती एका पोत्यावर बसली. त्यानं म्हटलं, "मावशी, मला तुला कवापासनं एक सांगायचं हाय." ती म्हणाली, "पेंड कशी दिली?" त्यानं भाव सांगितला. परत म्हणाला, "मावशी, त्या टायमाला..." ती म्हणाली, "आनी भुसा?" तो रडायला लागला. तेव्हा ती उठली, त्याचा आखडलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बोटं एकेक करून चोळत राहिली. दुकानात गिऱ्हाईक आलं, तर त्यालाही तिनं थांबायला लावलं. मग म्हणाली, "भाकरी हाय का न्हाई घरात? भूक लागली." मागच्या खोलीत त्याच्या बायकोनं वाढलं. तिनं स्वतः जेवायच्या आधी त्याची भाकरी कुस्करून दिली. त्यानं तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर म्हणाली, "खाताना बोलू न्हाई रं."

असं तिनं त्याला अखेरपर्यंत बोलू दिलं नाही. घाटावर मी दत्ताला सांगितलं की तिला सगळं माहीत होतं. तो ओल्या धोतरानिशी पायरीवर बसला. "मला वाटलंच हुतं. इतकी बोलकी बाई, पेंडीचा भाव विचारत बसली," म्हणाला. मी म्हटलं, मी हे लिहिणार आहे. तुझी हरकत असली तर तुझं नाव गाळतो. तो म्हणाला, "लिवा. नाव गाळू नगा. तिच्या नावाबरोबर माजं आसू दे."

त्या दिवशी शिराळ्याहून निघताना दत्तानं तिच्या हातात पेंडीची एक पिशवी दिली होती. द्यायला त्याच्याजवळ दुकानात दुसरं काय होतं. ती पिशवी तिनं सांगलीपर्यंत मांडीवर धरली. तिच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी आत जात नव्हती. मी उतरून दार उघडलं. पिशवी जड होती, म्हणून मी घ्यायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माज्या पोरानं दिलीया."

पिशवी कमरेवर घेऊन, दुसऱ्या हातानं भिंत धरत ती गल्लीतून गेली. तिच्या घरी म्हैस नव्हती, शेळी नव्हती, कोंबडं सुद्धा नव्हतं. तिला मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं.